अकरा घट्ट ओळी

माझी बहीण दुपारची झोपलेली असताना मी तिच्या विणकामात चोरून अकरा ओळी विणल्या. मला विणता येत नव्हतं.

यातलं दुसरं वाक्य त्या वेळी मला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती रोह्याला एकटी राहते, मी पेणला. यंदा शिमग्याच्या सुमारास तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. फार मोठं नव्हे. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला, आणि बोलणं तर एक दिवससुद्धा अडखळलं नाही, त्यामुळे आळीतल्या काही जणांची थोडी निराशाच झाली. हात मात्र रुसून बसला. ब्लडप्रेशरची गोळी तिने परस्पर बंद केली होती हे नंतर कळलं. "बरं वाटत होतं, मग कशाला खायची?" मी तिच्यावर खूप ओरडलो. मग पेणला घरी येऊन माझी स्वतःची गोळी शोधली. ती फ्रिजवरच्या डब्यात होती, दोन महिन्यांपूर्वी ठेवली होती तिथेच, तेवढीच.

भाचा पनवेलला असतो. त्याने आईला सरळ सांगितलं, "गणपतीपर्यंत बघतो. उजव्या हातात सांडशी धरून उकळत्या चहाचं भांडं खाली उतरवता आलं, तर राहा इथं. नाही तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." मुलगा वाईट नाही. गॅससमोर उभी असलेली एकटी आई डोळ्यांसमोर आली की त्याचा जीव टांगणीला लागायचा. पण त्याचं घर सातव्या मजल्यावर. ताई सकाळी दारात उभी राहून तीन घरांशी एकदम बोलणारी बाई. ती मला म्हणाली, "सातव्या मजल्यावरनं हाक मारली तर ओ कोण देणार रे? कबूतर?"

दर बुधवारी फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. पोरगेलीशी, पण कडक. पहिल्यांदा तिने दाबायला रबरी चेंडू दिला. ताईने तो दोन दिवसांत समोरच्या कुत्र्याला देऊन टाकला. पुढच्या बुधवारी त्या मुलीची नजर दारावरच्या तोरणावर गेली. लोकरीचं, हिरव्या पोपटांचं. ताईने स्वतःच्या लग्नात रुखवतावर मांडायला क्रोशाच्या सुईने विणलेलं.

"आजी, हे तुम्ही केलंय?"

"मग काय दुकानातनं आणलंय?"

"बरं. चेंडू राहू दे. बारा टाक्यांची एक पट्टी विणायला घ्या. रोज जमेल तेवढीच. दर बुधवारी मी तिला लाल दोरा बांधून जाईन. दोन लाल दोऱ्यांच्या मधलं विणकाम म्हणजे तुमचा त्या आठवड्याचा हात."

ही गोष्ट मला भयंकर आवडली. मी कंपनीत फिटर होतो. आयुष्यभर यंत्रांची दुखणी काट्यावर वाचली, पण दुखणं लोकरीत वाचता येतं हे नवीनच होतं. शनिवारी आणि मंगळवारी मी रोह्याला जायचो, ते ताईला बघायला असं घरात सांगायचो. खरं म्हणजे ती पट्टी बघायला. पहिल्या आठवड्यातले टाके दारू पिऊन घरी निघालेल्या माणसासारखे होते. दुसऱ्यात जरा भिंतीला धरून चालत होते. आणि हे सगळं एका दोऱ्याचं. गाठ कुठेच नाही. फासातून फास काढायचा, त्यातून पुढचा, की कापड उभं. टोक धरून ओढलं की पुन्हा नुसता दोरा. नट नाही, बोल्ट नाही, वेल्डिंग नाही.

"ताई, हे टिकतं कशावर?"

"एकमेकांत अडकून. गप बस, मोजतेय मी."

आठवड्याला सोळा ओळी, मग एकोणीस, मग बावीस. मग एका बुधवारी बाराच भरल्या. मुलगी म्हणाली, "होतं असं, खालीवर होतं." पण शनिवारी मी गेलो तेव्हा पट्टी टोपलीत नव्हती. ताईच्या उशीखाली होती. तिने ती लपवली होती, आणि ताई कधी काही लपवत नाही, वयसुद्धा नाही. तिथेच मी ठरवलं की आता आपण हातभार लावायचा.

शिकायला गुरू गाडीत मिळाली. पेणहून सकाळी रोह्याला जाणारी गाडी त्या वेळेला रिकामीच असते. समोरच्या बाकावर एक वयस्क मुसलमान बाई नेहमी असायच्या, लेकीकडे जायच्या. पांढऱ्या दोऱ्याची जाळीदार टोपी विणत बसायच्या. मुलगा कतारला, त्याच्यासाठी आणि त्याच्या खोलीतल्या पोरांसाठी. मी त्यांना म्हणालो, मला शिकवा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमाला? कोणासाठी?"

"बहिणीसाठी."

"तिला येत नाय?"

"येतं."

त्यांना यातून काही उलगडा झाला नाही, पण त्यांनी जास्त विचारलं नाही आणि स्वतःची जादाची सुई माझ्या हातात ठेवली. पेणपासून नागोठण्यापर्यंत मी नुसती साखळी घातली. निडीला त्यांनी ती पाहिली, हसू आवरलं आणि म्हणाल्या, "भाऊ, सुई हाय ती, पाना नाय. आवळताय कशाला एवढं? दोऱ्याला पण श्वास घेऊ दे." मी हो म्हणालो. पण तीस वर्षं ज्या हाताने ढिलं दिसलं की आवळलं, त्याला हे कसं पटावं? सैल सोडलेला फास मला गळती वाटायची. दोन आठवड्यांच्या चार फेऱ्यांत मला बारा टाक्यांची ओळ जमली. म्हणजे मला तसं वाटलं. बाईंनी मान डोलावली ती कौतुकाने की गाडीच्या हिसक्याने, ते मी विचारलं नाही.

मग पुढच्या शनिवारी ताई जेवून आडवी झाल्यावर मी पुन्हा टोपलीत आलेली पट्टी काढली आणि पाच ओळी विणल्या. मंगळवारी सहा. घाम फुटला होता, पण मनात असा आनंद की विचारू नका. माणसाने गुपचूप चांगलं काम करावं, कोणाला कळू देऊ नये, वगैरे विचार मला त्या दोन्ही दुपारी सुचले. ते आठवले की आता कान गरम होतात.

मंगळवारी रात्री मी मुद्दाम तिथेच राहिलो. बुधवारचा निकाल ऐकायचा होता.

मुलीने पट्टी हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. पट्टीला कंबर आली होती. एका जागी आवळलेली, मग जरा सैल, मग पुन्हा आवळलेली. तिने त्या भागात सुईचं टोक घालून पाहिलं. गेलं नाही.

"आजी, हात आखडायला लागलाय. एका आठवड्यात एवढा? बघा, टाके किती घट्ट आलेत. कडेचे दोन तर गळालेतच." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, हे चांगलं लक्षण नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं. मी तुमच्या भाच्याला फोन करते."

ताईने दाराकडे पाहिलं, तोरण होतं त्या बाजूला.

मुलीने फोन कानाला लावायच्या आत मी म्हणालो, "ते टाके माझे आहेत."

"म्हणजे?"

"घट्ट आहेत ते. अकरा ओळी. मी विणल्या."

मला वाटलं मुलगी चिडेल. उठली ती ताई. भिंतीवरचं कॅलेंडर डाव्या हाताने काढून तिने माझ्यासमोर आपटलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडा होता. रोजच्या ओळी.

"शनिवारी मी दोन विणल्या. दोन! आईतवारी सकाळी मोजल्या तर सात. मंगळवारी तीन, आज सकाळी नऊ. मला वाटलं, डोकं चाललं माझं. विणते आणि विसरते. चार दिवस जीव मुठीत धरून बसलेय मी. सांगणार कोणाला? पोराला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पनवेल!"

हे माझ्या गावीही नव्हतं. ती मोजत असेल हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? 'गप बस, मोजतेय मी' हे मला तिने किती वेळा सांगितलं होतं.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," मी म्हणालो.

यावर ताईने टोपलीतला लोकरीचा गुंडा उचलला आणि माझ्या तोंडावर फेकून मारला. नेम चुकला नाही.

मुलगी ताडकन उभी राहिली. "आजी! उजव्या हाताने फेकलात!"

"मग? डाव्याने लागला असता काय ह्याला?"

"धरण्यापेक्षा सोडणं अवघड असतं, आजी. बोटं वेळेवर उघडायला लागतात. परत मारा बघू."

ताईने परत मारला. मग मुलीच्या सांगण्यावरून आणखी आठ वेळा. मी गुंडा उचलून देत होतो आणि खात होतो. त्यानंतर मुलीने माझ्या अकरा ओळी बाजूला ठेवून उरलेल्या नीट पाहिल्या. ओळी कमी होत्या, पण टाके सारखे आले होते. आधीच्या कुठल्याही आठवड्यापेक्षा सारखे. ताईने घाई सोडली होती, एवढंच. आकडा खाली गेला होता आणि हात वर आला होता, आणि आम्ही दोघंही आकड्याकडे बघत बसलो होतो.

"माझं उसवून टाकू?" मी विचारलं.

"आणि मधल्या, वरच्या माझ्या ओळी? त्या पण जातील. राहू दे. लाज म्हणून राहू दे."

तेव्हापासून दर शनिवारी तिच्यासमोर बसून मला वेगळी पट्टी विणावी लागते. दोघं आपापली गोळी घेतो, तीही एकमेकांना दाखवून. माझी पट्टी अजून सरळ येत नाही. गाडीतल्या बाईंना मी सगळी हकिगत सांगितली. त्या निडीपासून रोह्यापर्यंत हसत होत्या.

गणपतीला भाचा आला. आल्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. ताईने चहा उकळवला, गॅस बंद केला, उजव्या हातात सांडशी घेतली. भांडं उचललं तेव्हा हात थरथरला. भाच्याचं एक पाऊल पुढे पडलं. मी त्याचा सदरा मागून धरला. तेवढं एक काम मी या वर्षात बरोबर केलं. चहा तीन कपांत पडला, थोडा बशीतही. तिने भांडं खाली ठेवलं, सांडशी सोडली. बोटं वेळेवर उघडली.

भाच्याने चहा संपवला. मग म्हणाला, "ठीक आहे. राहा. पण रोज सकाळी मला फोन करायचा."

"करीन की. आत्तापण मीच करते."

त्याला मोकळं वाटलं असावं, कारण तो इकडेतिकडे बघायला लागला. टोपलीतली पट्टी त्याने उलगडली. ती आता त्याच्या कमरेपर्यंत येत होती. लाल दोरे मोजत त्याचं बोट वर सरकलं आणि मधेच आवळलेल्या जागी थांबलं.

"आई, इथं काय झालं होतं हाताला? इथं तर फारच वाईट दिसतोय."

"माझा नाय तो," ताई कप विसळता विसळता म्हणाली. "तो तुझ्या मामाचा चांगला हात हाय."