काकूंचं काय झालं

आई होती तोवर तिला डायलिसिसला मुलुंडला न्यायचो. शेजारच्या खाटेवर एक बाई असायच्या. दुपारची मालिका लागली की सुई टोचलेला हात न हलवता त्या मान उंचावत. मालिकेतल्या काकूंचंही डायलिसिस चालू होतं.

एकदा गोष्ट दहा वर्षं पुढे गेली आणि काकू दिसेनाशा झाल्या. बाई पडद्यावरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो शोधू लागल्या.

मला राहवेना. म्हटलं, “काकू मुलीकडे असतात. परवा दाखवलं ना.”

“एक भाग चुकवला नाही रे मी. मेली म्हणाले असते तरी चाललं असतं. विसरलेच तिला!” मग नर्सला म्हणाल्या, “बंद कर गं तो टीव्ही.”

पुढे चार-चार तास आम्ही यंत्रांचाच आवाज ऐकायचो.