उलटा हात

यवतमाळला बदली होऊन आलो तेव्हा पहिले काही महिने मी या शहरात फक्त गिऱ्हाईक होतो. ओळखीचं कुणी नाही, नातेवाईक नाही, कचेरीतली माणसं सुटली की आपापल्या घरी. माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस मला काहीतरी विकत तरी होता, नाहीतर विकलेलं दुरुस्त करून देणं टाळत होता. टँकरवाला फोनवर "निघालोच" म्हणायचा आणि त्याच्या मागे घरातला टीव्ही ऐकू यायचा. इंटरनेटवाला मलाच समजवायचा की लाइन अगदी व्यवस्थित चालू आहे, फक्त तुमच्या घरी येत नाही.

मी मुळात तापट. चिपळूणला माझा राग सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे तो फारसा वापरावा लागत नसे. इथे मी रोज आरडाओरडा करत होतो आणि समोरचा माणूस हसून विचारत होता, "काहून गरम होऊन राह्यले साहेब? चहा घ्या." हा चहा मला विषासारखा लागायचा. भांडायला आलेल्या माणसाला चहा पाजणं याइतका अपमान दुसरा नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. आजही फारसं बदललेलं नाही.

कूलर घेतला तो एप्रिलमध्ये. आमच्याकडे कोकणात हवाच इतकी ओली की कूलरला तिथे काही काम नाही. आम्ही दोघांनी आयुष्यात तो कधी वापरला नव्हता. पण इथे आल्यावर बायकोला ऊन लागलं. भरदुपारी स्वयंपाकघरात ती ओट्याला धरून खाली बसली आणि मला ओळखेना. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, खोली गार ठेवा. त्याच संध्याकाळी मी बाजारातल्या एका मोठ्या दुकानातून लोखंडी कूलर घरी आणला. खिडकीची खोली एकच, त्यामुळे कूलर तिथे आला. आमचं देवघरही त्याच खोलीत होतं.

चार दिवसांनी मी पाणी भरायला जाळी काढली आणि हाताला झिणझिण्या आल्या. कोपरापर्यंत. मी ओरडलो, बायको धावत आली, तिनेही हात लावून बघितला आणि "मेलं जळ्ळं यंत्र!" म्हणून मागे सरली.

मी तडक दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, कपाळाला गंध. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लोखंडी आहे न साहेब. थोडासा करंट तं येतेच."

"येतेच म्हणजे?"

"म्हणजे उन्हाळाभर येते. पायात चप्पल घालाची अन् मंग पाणी भराचं. काही होत नाही. अरे, साहेबांले चहा सांगा."

मी परत आलो. वरच्या मजल्यावरच्या काकूंना बायकोने विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या. वर एक गोष्ट शिकवून गेल्या. कूलरला हात लावायचा तो उलटा लावायचा, बोटांच्या मागच्या बाजूने. करंट असेल तर हात आपोआप मागे फेकला जातो. सुलटा लावला तर मूठ आवळली जाते आणि माणूस सुटत नाही. "आम्ही लहानपणापासून असंच करतो," म्हणाल्या. नंतर माझ्या लक्षात यायला लागलं. कचेरीतला शिपाई, पानवाला, खानावळीचा मालक, सगळे कूलरजवळ गेले की आधी हाताची मागची बाजू अलगद टेकवून बघत होते. बोलता बोलता, दुसरीकडे बघत. एक अख्खं शहर दर उन्हाळ्यात मरणाला हात लावून बघतं आणि कुणाला त्याचा राग येत नाही. माझं टाळकं सटकलं ते या गोष्टीने. मी दुकानात आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मिस्त्री पाठवतो म्हणाला, दोन्ही वेळा चहा आला, मिस्त्री आला नाही.

चप्पल मात्र बायकोने घातली नाही. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे घरात चप्पल नाही, आणि देवासमोर तर मेलो तरी नाही. मी एकदा रबरी जोड आणून कूलरशेजारी ठेवला, तो तिने उचलून बाहेर फेकला. "देव बघतायत," म्हणाली. ती पाणी भरायची तेव्हा अनवाणीच असायची. उलटा हात लावून बघायची, झिणझिणलं तर थोडं थांबायची, मग नळी आत सोडायची. कूलर बंद करून भर म्हटलं की म्हणायची, बंद केला की खोलीची भट्टी होते.

तो रविवार होता. मी आत दाढी करत होतो. मला काही ओरडणं ऐकू आलं नाही, फक्त पाणी पडल्याचा आवाज आला आणि तो थांबेना. बाहेर आलो तर नळी निसटून फरशीभर पाणी झालेलं, आणि त्या पाण्यात बायको उभी. निसटणारी नळी पकडायला तिने झटकन हात घातला असणार, आणि तो सुलटा पडला. मूठ जाळीच्या कडेला आवळलेली. तोंड उघडं, आवाज नाही. डोळे माझ्याकडे होते. बटण तिच्या पलीकडे, भिंतीशी, आणि मध्ये पाणी.

आमच्याकडे उंच दांडीवर कपडे वाळत घालायची एक बांबूची काठी आहे. चिपळूणहून सामानाबरोबर आणली होती. दाराशीच असायची. मी ती उचलली आणि बायकोच्या हातावर घातली. पहिल्या फटक्याने मूठ सुटली नाही. दुसरा घातला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला काठीतून हातात जाणवला. तिसरा मी खांद्यावर घातला, जनावराला घालतात तसा, सगळा जोर लावून, आणि ती मागे कोसळली. डोकं पलंगावर आपटलं. मग ती रडली. ते रडणं ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसलो.

दवाखान्यात सिस्टरने तिचा हात बघितला. तळवा भाजलेला, मनगटाच्या वर हाड मोडलेलं, खांद्यावर काळानिळा वळ.

"हे कसं झालं?"

"ह्यांनी काठीने मारलं," बायको म्हणाली. खोटं ती कधी बोलत नाही.

सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो.

"कायले मारलं?"

"जीव वाचवायला," मी म्हणालो.

"असं तं सगळेच म्हणतात."

बायको एवढ्या दुखण्यातही हसली, मग कण्हली, आणि मग तिने सगळं सांगितलं. सिस्टरचा विश्वास बसला तो तळवा बघून. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बावीस वर्षांच्या संसारात मी या बाईवर कधी हात उगारला नव्हता, आणि आज तिचा हात मोडला होता. तो मोडायला मला ज्याने लावलं, तो दुकानदार बाजारात गादीवर बसून चहा पीत होता.

प्लास्टर घातल्यावर मी मालवाहू ऑटो बोलावला आणि कूलर त्यात चढवला. काठी घेतली. "मी पण येणार," बायको म्हणाली. मी नको म्हटलं. तिने चांगल्या हाताने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि ऑटोत पुढे जाऊन बसली.

दुकानात उन्हाळ्याची गर्दी. मी कूलर भर दुकानात उतरवला, त्यांच्याच कॅनमधलं पाणी त्यात ओतलं आणि त्यांच्याच बोर्डात प्लग खुपसला. पंखा घरघरायला लागला. दुकानदार उठला. त्याने बायकोचं प्लास्टर बघितलं, कूलर बघितला, आणि खरोखर हळहळून म्हणाला,

"अरेरे. वहिनीनं चप्पल नव्हती घातली का?"

माझ्या कानात काहीतरी फुटलं.

"थोडासाच करंट येतो ना?" मी म्हणालो. "लावा हात."

त्याने हात पुढे केला. उलटा.

"तसा नाही. सुलटा लावा."

तो हसायचा प्रयत्न करत होता. "मस्करी नका करू साहेब."

मी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. तो जड होता, पण मला त्या दिवशी कुणीच जड नव्हतं. मागून एका गिऱ्हाइकाने माझा शर्ट पकडला. मी कोपर मारलं, त्याचा ओठ फुटला, रक्त माझ्या बाहीवर आलं. उभे करून ठेवलेले टेबलफॅन धडाधड पडले. दुकानदार "अरे धरा रे याले!" म्हणून ओरडत होता, पाय रोवत होता, आणि मी त्याच्या आवळलेल्या मुठीची बोटं एकेक करून उघडत होतो. त्याचा पंजा जाळीपासून वीतभर राहिला. मग चार बोटांवर आला. स्पष्ट लिहितो: मला त्याला धडा शिकवायचा नव्हता. मला तो मरायला हवा होता. त्याचं तोंड उघडं पडलेलं आणि डोळे माझ्याकडे लागलेले, हे मला बघायचं होतं, कारण सकाळी मी ते बघितलं होतं. त्या क्षणी मला कुणीही मागे ओढू शकलं नसतं.

काठी माझ्या कोपरावर बसली. हातातला सगळा जीव निघून गेला, पण माझी बोटं सुटली नाहीत. दुसरा फटका त्याच जागी आला.

"सोडा त्याला! अहो, सोडा!"

बोटं उघडली. दुकानदार मागे, कूलरच्या जाळीत भरायच्या वाळ्याच्या पोत्यांवर कोसळला. मी वळून बघितलं तर बायको उभी, एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्यात काठी, आणि तिसऱ्या फटक्यासाठी ती वर उचललेली. कुणीतरी प्लग उपसला. पंखा घरघरत थांबला.

दुकानदार पोत्यांवर बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. घामाने त्याचं गंध ओघळलं होतं. "माह्या घरचा कूलरबी करंट मारते," तो म्हणाला. मला उद्देशून नव्हे, असंच. "माही बायको बी असंच भरते पाणी. मले तं वाटे, चालते."

बायको आमच्या कूलरकडे वळली आणि तिने काठी त्यावर घातली. आधी जाळी आत गेली. मग पंप. मग पंख्याची पाती वाकली. एका हाताने, दम लागेपर्यंत, ती मारत राहिली. पाणी दुकानभर पसरलं. गिऱ्हाइकं चपला सांभाळत मागे सरली. कुणी तिला अडवलं नाही, दुकानदारानेही नाही. "हा परत कुणाला विकायचा नाही," ती त्याला म्हणाली. त्याने मान हलवली.

फुटक्या ओठाच्या माणसाची मी माफी मागितली. त्याने आधी माझ्या आईबहिणीचा उद्धार केला आणि मग बायकोला बसायला स्टूल दिलं. चहा आला. या वेळी मी तो प्यायलो, डाव्या हाताने, कारण उजवा उचलत नव्हता.

दुकानदाराने दुसरा कूलर दिला, प्लास्टिकचा. दुसऱ्या दिवशी खरोखर मिस्त्री आला आणि त्याने अर्थिंग नीट करून दिलं. या कूलरला हात लावला तरी झिणझिण्या येत नाहीत. तरी बायकोचा त्याच्यावर विश्वास नाही. आता पाणी मी भरतो. आधी बंद करतो, मग प्लग काढून तिच्या हातात देतो. पायात रबरी चप्पल असते. देव तिने स्वयंपाकघरात हलवले.

मी जाळी काढतो तेव्हा ती माझ्या मागे उभी असते. एका हातात प्लग, दुसऱ्या हातात काठी, आणि काठी उचललेली असते.