तीन मिनिटं झाली, वाढवायचंय?

"तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?"

ताई हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायच्या आणि त्यातलं निम्मं तरी कामाचं नसायचं. रत्नागिरीच्या टेलिफोन केंद्रात ट्रंक कॉलच्या बोर्डावर त्यांची सव्वीस वर्षं गेलेली. कॉल तीन मिनिटांचा. वेळ संपली की दोघांच्या बोलण्यात तोंड घालून विचारायचं, वाढवायचंय की तोडू? ती सवय इतकी अंगात मुरलेली, की डबा खाताना कुणी सासूचं पुराण लावलं की ताई भाकरीचा तुकडा मोडता मोडता शांतपणे म्हणणार, "तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?" एकदा मीटिंगमध्ये साहेबांनी लांबण लावली तेव्हा मागच्या रांगेतून, मान खाली घालून, हेच वाक्य आलं. साहेबांनी वाढवलं नाही.

मी तिथे टेक्निशियन होतो. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले होते, तरी आडगावच्या फोनांना अजून आमचा बोर्ड लागायचा. तुम्ही त्या काळी कधी कॉल बुक केला असेल तर त्या बाईंचा आवाज तुम्ही ऐकला आहे, चेहरा मात्र पाहिलेला नाही. ताईंना तेच हवं होतं. नाटे बंदराचा एक म्हातारा तांडेल, स्वतःची होडी असलेला, दर आठवड्याला मुंबईतल्या मुलाला कॉल लावायचा. एकदा एसटी स्टँडवर ताई कंडक्टरला काही विचारत होत्या, तर हा गर्दीतून ओरडला, "अरे, ह्या तर आमच्या रत्नागिरी एक्स्चेंजच्या बाई!" ताईंनी पदर तोंडावर घेतला आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या गाडीत चढल्या. जायचं होतं घरी, गाडी निघाली लांज्याची. पालीला उतरून परत आल्या.

शिमगा झाल्यावर एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मेल्या, तुला टेप दुरुस्त करता येतो का रे?"

रविवारी नाचणे गावात त्यांच्या घरी गेलो. मागे कलमांची बाग, पुढे चिऱ्याचं बसकं घर, ओट्यावर ताईंचे यजमान भाऊ आंब्याच्या पेटीला खिळे मारत बसलेले. टेपचा पट्टा सैल झाला होता, दहा मिनिटांचं काम. चालतो का बघायला आतली कॅसेट लावली. बाईचा आवाज आला. जुनं भावगीत, साथीला काही नाही, पण काय आवाज हो! माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"हे कोण गातंय?"

ताईंनी येऊन खटकन बटण दाबलं. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "ऐकलंस तू?"

"ऐकलं म्हणजे काय! ताई, तुम्ही?"

ओट्यावरून भाऊ म्हणाले, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मला अजून समोर बसवून ऐकवलेलं नाही. मी बागेतनं ऐकतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताई दापोलीकडच्या, मुरुडच्या. वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यांनीच गाणं शिकवलं. नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगला त्या स्टेजवर गेल्या, समोर चारशे डोळे बघितले आणि तोंडातून शब्द फुटेना. पहिल्या रांगेत वडील बसलेले. ताई रडत विंगेत पळाल्या. वडील घरी रागावले नाहीत. फक्त त्यानंतर पेटी काढून "ये गो, बस" असं कधी म्हणाले नाहीत.

"एकदा," ताई म्हणाल्या, "एकदाच लोकांसमोर एक गाणं शेवटपर्यंत म्हणायचंय रे. मधे न तुटता. मग मेले तरी चालेल."

मेअखेरीस आमचा ट्रंक बोर्ड बंद व्हायचा होता. त्या दिवशी केंद्रात निरोपाचा छोटा कार्यक्रम ठरला होता आणि ताईंनी स्वतःच्या हाताने यादीत आपलं नाव लिहून टाकलं होतं. लिहिल्यापासून झोप उडालेली. म्हणून घरी टेपसमोर गाऊन भीती मोडायची, असा बेत.

माझ्याकडे एक गिटार होतं. ट्रेनिंगला मुंबईला होतो तेव्हा हौसेने घेतलेलं. मला चार कॉर्ड यायच्या, अजूनही चारच येतात. मी म्हटलं, साथ मी करतो. ताई म्हणाल्या, "चालेल. पण तू भिंतीकडे तोंड करून बसायचं."

आता स्टुडिओ. पुढच्या खोलीत गायलो की कावळे, मिक्सर, शेजारचा रेडिओ, सगळंच कॅसेटमध्ये यायचं. शेवटी भाऊंनीच अढीची खोली सुचवली. आंबे पिकायला घालतात ती. जमिनीवर हातभर गवत, भिंतींना पेंढ्याचे भारे, खिडकी एकच आणि तीही मागच्या पाणंदीच्या वाटेकडे. आवाज कसा मऊ बसायचा म्हणून सांगू! एप्रिलात खाली हापूस भरला, तेव्हा आम्ही दोन रांगांच्या मधे पाय आखडून बसायचो. घाम, गवताची खाज, वर पिकत्या आंब्याचा वास. आजही कुठे हापूस पिकला की माझी बोटं आपोआप सी मेजर धरतात.

पहिल्या रविवारी तर त्या टेपलाच घाबरल्या. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला आणि आवाज बंद. "ते बघतंय माझ्याकडे!" मी दिव्यावर रुमाल टाकला. मग गाणं सुरू झालं. संपलं की बटण बंद करायच्या आधी त्या टेपला म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?" कॅसेटमध्ये प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते आहेच.

दर रविवारी आम्ही थोडं थोडं पुढे सरकलो. तिसऱ्या रविवारी मला अर्धं वळायची परवानगी मिळाली. पाचव्याला रुमाल निघाला. सहाव्याला भाऊ दाराबाहेर बसले. ताई मधेच थांबून, ऐकून बघू, चुकलं का, असं करायला लागल्या की भाऊ बाहेरून म्हणायचे, "अगो, अढी दर तासाला उचकायची नसते. घातलंय ना गवतात? पिकेल." आठव्या रविवारी ते आत येऊन आंब्यांच्या कडेला उकिडवे बसले आणि ताई त्यांच्याकडे बघत पूर्ण गाणं गायल्या. भाऊंनी टाळी वाजवली नाही. एक आंबा उचलून उगाच नाकाशी धरला आणि म्हणाले, "यंदाचा माल गाणं ऐकून पिकलाय. पेटीला जास्त मागायला हवेत." डोळे पुसायला मात्र ते बागेत गेले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताईंचा घसाच बसला. म्हणजे बसला नव्हता, भीतीने बसलाय असं त्यांना वाटत होतं. तेव्हा भाऊंनी मला बाजूला घेतलं. "तिची सगळ्यात चांगली कॅसेट मी पडद्याआड टेपमध्ये लावून ठेवतो. अडली, तर बटण दाबतो. लोकांना काय कळतंय! परत तिला रडत घरी आणायची माझी तयारी नाही." मी हो म्हटलं. आमचं चुकलं, पण त्या वेळी शहाणपणाचं वाटलं.

केंद्राचा वरचा हॉल गच्च भरला होता. जुन्या गिऱ्हाइकांनाही बोलावलं होतं. नाट्याचा तांडेल इस्त्रीचा सदरा घालून मागे उभा. ताई अबोली माळून आल्या, माइकसमोर बसल्या. मी कॉर्ड धरली, सुरुवात वाजवली. ताई गप्प. पुन्हा वाजवली. गप्प. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला नववीतली ती मुलगीच दिसली. 

आणि पडद्याआड खट्‌ झालं.

स्पीकरमधून ताईंचा आवाज सुरू झाला. सुरेख. लोकांनी माना डोलवल्या. दोन ओळी झाल्या आणि तिसऱ्या ओळीवर दुसरीच बाई ओरडली, "बांगडेऽऽ घ्या गोऽऽ! फडफडीत बांगडेऽऽ!" पाठोपाठ कॅसेटमधल्या ताई गाणं सोडून ओरडल्या, "अगो थांब! दोन वाटे ठेव माझे, गाणं संपलं की येते!"

कॅसेट उलटी लागली होती. आयुष्यभर लाखो आंबे देठ बघून नीट गवतात मांडलेला माणूस, त्याला कॅसेटची बाजू कळली नाही. एका रविवारी पाणंदीतून मिरकरवाड्याची मासेवाली गेली होती, ते फुकट गेलेलं गाणं नेमकं त्या बाजूला होतं.

हशाने हॉल फुटलाच. साहेब खुर्चीतून पडायचे बाकी होते. मी गिटारमागे तोंड लपवलं. आता ताई उठणार, विंगेत पळणार, आणि या वेळी त्याला कारण आम्ही दोघं.

ताई हलल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाच हसू फुटलं. खांदे गदगदा हलायला लागले. मग पदराने डोळे टिपून त्यांनी माइक जवळ ओढला आणि सव्वीस वर्षांच्या त्या सवयीच्या आवाजात म्हणाल्या, "हॅलो. लाइन खराब होती. परत जोडते."

आणि गायल्या. माझी एक कॉर्ड चुकली, त्यांचा सूर हलला नाही. समोर बघत, डोळे उघडे ठेवून, शेवटच्या ओळीपर्यंत. मधे कुठेही न तुटता.

गाणं संपलं. मग मागून तांडेलाने हात वर केला. "बाई, तीन मिनिटं झाली हो!"

सगळा हॉल ओरडला, "वाढवा!"

त्यांनी आणखी तीन गाणी म्हटली.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. घरी जाताना रिक्षात ताई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा दोघांचा माझ्यावर विश्वास नव्हता."  दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि त्यांच्या डब्यातून मला मिळणारी कुळथाची पिठी बंद झाली. तिसऱ्या दिवशी डबा पुढे सरकवून म्हणाल्या, "खा, मेल्या. वडील असते तर तेही कुठे शांत बसले असते, त्यांनीही बटण दाबलंच असतं!"

पुढे त्या चौकशीच्या टेबलाला गेल्या. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या साठीला गायच्या. मला बोलावणं असायचंच. चार कॉर्डवर मी अर्धी रत्नागिरी फिरलो.

ताई गेल्यावर दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मी नाचण्याला गेलो. भाऊ अढीच्या खोलीत गवत पसरून आंबे मांडत होते, एकेक, देठ बघून. कोपऱ्यात तोच टेप चालू होता. मी दाराशीच बसलो. गाणं संपलं, आणि ताईंनी विचारलं,

"तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?"

"वाढव गो," भाऊ मान वर न करता म्हणाले. मग त्यांनी गवताचे हात लुंगीला पुसले, चष्मा लावला, दोन्ही बाजू नीट वाचून बघितल्या आणि मासेवालीची बाजू लावली.