रिकामी गाडी

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत मी दिग्रसच्या सायबर कॅफेत बसून वर्तमानपत्रासाठी लेख लिहायचो. अट चारशे शब्दांची. शब्द मोजायला इंटरनेटवर एक वेबसाइट सापडली होती. लेख त्यात टाकला की आकडा लगेच यायचा. खाली कोणता शब्द किती वेळा आला त्याची यादीही असायची, पण तिकडे कोण बघतो!

एकदा कापसाच्या जिनिंग कारखान्यासमोर दोन दिवस खोळंबलेल्या गाडीवाल्यांवर लेख लिहिला. बरोबर चारशे शब्द भरले. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं.

बाबांचा जन्म जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलेला. तिथे गाडी आधी कापसासकट मोजतात, मग खाली करून पुन्हा मोजतात. मधला फरक तो खरा कापूस.

बाबा म्हणाले, "चारशे भरले म्हन्तं, पण रिकामी गाडी मोजली काय?"

मी हसलो. शब्दांत कुठली आली रिकामी गाडी? पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम ती यादी उघडली. वाटलं, सगळ्यात वर कापूस असेल, नाहीतर गाडी.

सगळ्यात वर 'मी' होता. एकोणीस वेळा.

चिडून यादी खाली सरकवत गेलो. ज्याच्या गाडीवर बसून त्याच्याच पैशाचा चहा प्यालो होतो, त्या माणसाचं नाव शोधत होतो. शेवटपर्यंत सापडलं नाही. मी ते विचारलंच नव्हतं.