टॉवेलाखालचा हात

आमचे वडील अहमदपूरच्या बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. मी ही विद्या डॉक्टरकीच्या आधी शिकलो. कैदेत दोन्ही उपयोगी पडल्या.

एकाहत्तरच्या लढाईत मी फौजेत डॉक्टर होतो; ज्यांच्यावर उपचार करत होतो त्या जखमींसह पकडला गेलो. पाकिस्तानी छावणीत माझ्या शेजारच्या खाटेवर आमचेच एक मेजर होते. त्यांचा पाय चिघळला होता. औषधाच्या गोळ्या पहाऱ्यावरच्या सुभेदाराच्या कुलपात. त्या सुभेदाराला एक दुखणं होतं, आणि ते त्यांच्या डॉक्टरला दाखवायची त्याला लाज वाटे.

"इलाज करो डाक्टर, मगर किसी से जिक्र नहीं," तो म्हणाला.

मी विचारलं, गोळ्या किती? त्याने खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला. त्याच्याही घरी गुरांचा व्यापार होता. त्याने दोन बोटं धरली, मी पाच दाबली. तो चिडला. मी जास्त चिडलो. रोज चारवर ठरलं.

सगळ्या गोळ्या मेजरच्या पोटात गेल्या. पाय वाचला.

सुटून आल्यावर मेजरनी लिहून दिलं, की डॉक्टर शत्रूचा हात टॉवेलाखाली धरून बसत. चौकशीत मला विचारलं, काय चाललं होतं? रोग्याला शब्द दिला होता. मी सांगितलं, "सौदा." आमच्या बाजारात हे उत्तर चाललं असतं. तिथे चाललं नाही. माझी बढती थांबली. मी नोकरी सोडून लातूरला दवाखाना टाकला.

पुढे वर खोल्या बांधल्या. भूकंपानंतर वरच्या मजल्यावर फुकट राहायलाही कुणी येईना. मग गावात शिकवण्या वाढल्या, बाहेरगावची मुलं येऊ लागली, तशी लोकांची भीती गेली. एका जूनमध्ये दोनच खोल्या उरल्या होत्या: एक पहिल्या मजल्यावर, खिडकीची, दुसरी गच्चीवर, पत्र्याची.

"अवो, नांदेडचे कुणी मेजर आलेत. संगं नात हाय," बायको म्हणाली.

मेजर लंगडत नव्हते, हे मी आधी पाहिलं.

"डॉक्टर, पोरीला मेडिकलला जायचंय. सगळं लातूर पालथं घातलं."

"खिडकीची खोली देतो. टॉवेलाखाली तुमच्या गोळ्या ठरत होत्या, एवढं लिहून द्या."

"आता? कुणाला पाठवणार?"

"कुणाला नाही. मला."

"पण त्या सुभेदाराला तुम्ही काय दिलंत?"

"इलाज."

"कशाचा?"

"तो अजून माझा पेशंट आहे."

बायको म्हणाली, "द्या की लिहून, भाऊजी. यांनी तीस वर्सं माझं डोकं खाल्लंय."

मेजर बसले. त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली. अक्षर सुरेख होतं. मी चष्मा लावून वाचलं. हात औषधांसाठी धरला होता, असंच लिहिलं होतं. शेवटी जोडलं होतं: 'असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.'

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. नातीला खोली दिली.

पत्र्याची.