आगाशेबाईंची परवानगी

कुणाकडे परवानगी मागायला जायचं असलं की आगाशेबाई आधी मला समोर बसवत. "हं, तू आता साहेब. नाही म्हण." मी नाही म्हणायचे, का नाही तेही सांगायचे. बाई एकेक कारण खोडून काढत आणि माझी कारणं संपली की पर्स उचलून खऱ्या साहेबाकडे निघत.

त्या रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, मी त्यांची प्रयोगशाळा सहायक. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. राजापूरकडच्या एका गावातल्या वानरांचा दोन वर्षं अभ्यास करायचं बाईंनी ठरवलं होतं. वानर पिंजऱ्यात धरायचे, ओळखण्यासाठी कानाला बिल्ला लावायचा आणि सोडून द्यायचे, अशी योजना. माझं काम यादीने चालतं. प्राचार्य, वनखातं, पैसे देणारी पुण्याची समिती. तिघांचे होकार आल्यावर मी पिंजऱ्यांचं माप काढायला घेतलं.

"गाव राहिलं," बाई म्हणाल्या.

"वनखात्याचा कागद आहे की."

"त्या कागदावर झोपणार आहेस का? दोन वर्षं राहायचंय तिथे."

गावचे मानकरी धोंडूतात्या. त्यांनी कागद न वाचताच परत दिला. "ह्यो ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. वांदर धरायचे तर देवीला इचारायला लागंल."

म्हणजे कौल. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालून झालं, सगळे मुकाट उभे राहिले. डावी पडली.

"झाला निकाल," तात्या म्हणाले. "च्या घेऊन जावा आता."

देवीच्या नकाराची तालीम आम्ही केली नव्हती. बाई निवृत्तीला आल्या होत्या. हे काम हुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी पिशवी उचलली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"तात्या, देवीने नाही कशाला म्हटलं? बाईला, का पिंजऱ्याला?"

तात्यांनी गुरवाकडे बघितलं, गुरवाने देवीकडे.

"पुन्हा विचारा," बाई म्हणाल्या. "पिंजरा नाही, बिल्ला नाही, हातसुद्धा लावणार नाही. लांबून नुसतं बघायचं."

"नुसतं बगायला कालेजातली बाय येते?" मागून कुणीतरी बोललं. "आमी रोज बगताव. आमाला नाय कोन पगार देत!"

"मलासुद्धा याचा वेगळा मिळत नाही हो!"

देवळात हशा पिकला. तो ओसरल्यावर गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. या वेळी उजवी पडली.

परतीच्या एस्टीत मी म्हटलं, "आता समितीला पुन्हा विचारावं लागेल. कारण काय लिहू? व्यावहारिक अडचणी?"

"अडचण कसली? देवीने नकार दिला. तसंच टाइप कर."

मी तसंच टाइप केलं. पुण्यात ते वाचून समितीतले एक जण हसले. "मॅडम, बिल्ल्याशिवाय वानर ओळखणार कसे?"

"वर्गातली मुलं तुम्ही कशी ओळखता? बिल्ले लावून?"

"आणि दुसऱ्या खेपेलाही देवी नाही म्हणाली असती तर?"

"तर आज मी तुमची मंजुरी परत करायला आले असते."

हे त्या इतक्या सरळ आवाजात बोलल्या की हसू तिथेच थांबलं. सहा महिन्यांत वानर ओळखून दाखवा, या अटीवर मंजुरी मिळाली. मुदतीच्या आतच बाई एकेकाला चेहऱ्यावरून ओळखू लागल्या. मला मात्र सगळेच काळ्या तोंडाचे दिसत.

पुढच्या आंब्याच्या दिवसांत एका सकाळी धोंडूतात्या गावातल्या आमच्या खोलीवर आले. पायऱ्यांशी चपला काढून उभे राहिले.

"बाय, वांदर बागेत शिरलेत. कैऱ्यांचा सत्यानास केलानी. दोन फटाके वाजवू काय?"

"बाग तुमची, तात्या. मला काय विचारता?"

"तसा नाय. तुमची वांदरा ती."

बाईंनी कालच्या नोंदींची वही उघडली. मग म्हणाल्या, "आज नको. त्यातली एक काल व्यायलीय. पिल्लू अजून नीट धरत नाही तिला."

तात्यांनी बागेकडे पाहिलं, मान खाजवली. "मग उद्या?"

"उद्या विचारा."

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी विचारायला आले.