पेटीवरची पिंक

काल बऱ्याच वर्षांनी वेधशाळेत गेलो, तर जिन्याखाली आमचं पेटीसारखं यंत्र पडलेलं दिसलं. त्याच्या तबकडीवर कुणीतरी पानाची पिंक टाकली होती, ओली आणि ओघळणारी. मला शिसारी आली.

एकमेकांपासून दूर ठेवलेले दोन आरसे एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करायचे. त्या दोन प्रकाशांची थरथर कितपत जुळते, ते ही पेटी मोजायची. आरसे लांब नेले की जुळणी कमी होई आणि त्यावरून ताऱ्याचा व्यास कळे. तिचा एकेक सांधा माझ्या सहकारी सुमतीबाईंनी सोल्डर केला होता. पहिला आकडा आला तेव्हा त्या हरखून म्हणाल्या होत्या, "अहो, ठिपक्यालाही रुंदी असते!"

मी शिपायावर ओरडलो, "लाज नाही वाटत इथे थुंकायला?"

"मी नाही थुंकलो साहेब. आणि भंगारच आहे ते. कागद लावलाय की."

वाकून वाचलं. 'निरुपयोगी.' खाली माझीच सही होती. निवृत्तीच्या आठवड्यात गठ्ठ्यातले कागद न वाचताच सह्या करून मी मोकळा झालो होतो.

रुमालाने तबकडी पुसली. किळस आता पिंकेची वाटत नव्हती.